ग्राहकाच्या अवस्थांचा इतिहास आणि डीबीटीची स्नॅपशॉट सुविधा

बहुतेक व्यवहारप्रणालींत ग्राहकाची स्थिती एकाच रकान्यात असते आणि ती बदलली की जुनी पुसून तिथे नवी लिहिली जाते. त्यामुळे चाचणी काळातला ग्राहक सशुल्क नेमका केव्हा झाला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. ही पुसली जाणारी नोंद डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे विश्लेषणासाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये, जपण्याचे काम डीबीटी (dbt) या डेटा रूपांतरणाच्या साधनातले स्नॅपशॉट चोख करतात. बदल दिसताच जुन्या ओळीची मुदत बंद होते आणि नवी ओळ जोडली जाते. मूळ तक्त्यातली बदलाची वेळ भरवशाची असेल, तर टाइमस्टॅम्प पद्धत निवडावी. नसेल, तर रकान्यांची मूल्ये ताडून पाहणारी चेक पद्धत. मूळ तक्त्यातून ओळच काढून टाकली गेली, तर १.९ आवृत्तीपासून तशी स्वतंत्र नोंदही ठेवता येते. खाते मिटवलेले ग्राहक गळतीच्या हिशेबातून निसटू नयेत, यासाठी मला ही सोय फार मोलाची वाटते.

मात्र स्नॅपशॉटला तो चालतो त्या क्षणाचीच स्थिती दिसते. तो रोज एकदाच चालत असेल, तर सकाळी सदस्यत्व रद्द करून संध्याकाळी परतलेल्या ग्राहकाचा मागमूस राहत नाही. शिवाय डीबीटीतली इतर मॉडेल, म्हणजे क्वेरीतून तयार होणारे तक्ते, पुन्हा उभारता येतात, पण स्नॅपशॉटचा तक्ता गेला की इतिहासही गेला, म्हणून त्याचा बॅकअप हवाच.

आमची खरी चूक वेगळीच होती. आम्ही ‘सक्रिय’, ‘निष्क्रिय’ असे टप्पे स्वतः गणून त्यांचाच स्नॅपशॉट घेत होतो. निष्क्रियतेची मर्यादा ९० दिवसांवरून ६० वर आणली, त्या दिवशी असंख्य ग्राहक एकदम निष्क्रिय झाल्याची नोंद पडली, आणि जुना इतिहास जुन्याच व्याख्येत अडकून राहिला. खरेदी न करणे ही मुळात घटनाच नसते. त्या दिवशी कोणत्याही मूळ तक्त्यात काही बदलत नाही. म्हणून आता ऑर्डरच्या नोंदी दिनदर्शिकेच्या तक्त्याशी जोडून आम्ही प्रत्येक ग्राहकाचा रोजचा टप्पा काढतो, आधीच्या ओळीतले मूल्य देणाऱ्या एसक्यूएलच्या लॅग फंक्शनने आदल्या दिवसाशी ताडतो आणि टप्पा बदलला तेवढ्याच ओळी ठेवतो. व्याख्या बदलली, तर सगळा इतिहास नव्याने गणता येतो. स्नॅपशॉट आम्ही मूळ प्रणालीत पुसल्या जाणाऱ्या रकान्यांपुरते ठेवले आहेत, आणि तिथे ते पहिल्याच दिवसापासून सुरू करावेत, कारण त्याआधीचा इतिहास त्यांच्याकडून मिळत नाही.