जिम एकदम छान, फक्त बार जमिनीवरून उचलायचा नाही

सहा महिन्यांची मेंबरशिप घेतलीये, त्यातले दोन संपले, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. आधी चांगलं सांगते. जागा स्वच्छ, मशिन्स नवी, सकाळी गर्दी नसते, आणि २० किलोच्या नेहमीच्या बारसोबत (बार म्हणजे बारबेलचा दांडा, ज्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट्स लावतात) १५ किलोचा बायकांचा बारही आहे. तो जरा बारीक असतो, माझ्या मुठीत नीट बसतो. जिम बघायला गेले तेव्हा या बारलाच भुलले मी, बाकी काही विचारलंच नाही. तिथेच चुकलं.

तिसऱ्या दिवशी डेडलिफ्ट होतं, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं. ४० वर वॉर्मअप झाला, मग ७० लावलं, दोन रेप झाले असतील नसतील तर ट्रेनर जवळजवळ पळतच आला, "मॅडम मॅडम, हे नाही करायचं इथे." मला वाटलं पाठ वाकली की काय, मी म्हटलं थांब जरा, व्हिडिओ काढून दे. तर तो मला रॅकच्या मागे घेऊन गेला. तिथे आरशाच्या खालच्या कोपऱ्यात लॅमिनेट केलेला एक कागद, एका बाजूची टेप सुटलेली. डेडलिफ्ट, क्लीन, स्नॅच बंद (क्लीन म्हणजे बार जमिनीवरून खांद्यापर्यंत, स्नॅच म्हणजे एका दमात डोक्यावर). बारबेलवर ६० किलोच्या वर वजन लावू नये. चॉक, म्हणजे पकड घट्ट राहावी म्हणून हाताला लावायची पावडर, वापरू नये. फॉर्म भरून घेताना यातला एक शब्द कोणी बोललं नव्हतं, लॉकरची चावी हरवली तर काय ते मात्र दोनदा सांगितलं.

बरं ६० म्हणजे बार धरून की नुसत्या प्लेट्स? सकाळचा ट्रेनर म्हणाला प्लेट्स. मॅनेजर म्हणाले बार धरून. संध्याकाळचा ट्रेनर म्हणाला, बारचं वजन कोण मोजतं. मी आपली १५ च्या बारला दोन्हीकडे २० आणि अडीच लावते, बार धरून बरोबर ६०, कोणी विचारलं तर हिशोब तयार.

मॅनेजर माणूस चांगला आहे, चिडला वगैरे नाही, नीट बसवून कारण सांगितलं. खालच्या मजल्यावर ऑफिस आहे, वरून बार आदळला की त्यांच्या छतातून धाडधाड ऐकू येतं, तक्रारी येतात. हे मला शंभर टक्के पटलं, मी त्या ऑफिसात असते तर मीही तक्रार केली असती. पण मग नियम आपटण्यावर करा ना, उचलण्यावर कशाला? साधा हिशोब बघा. डेडलिफ्टमध्ये बार जेमतेम अर्धा मीटर वर येतो, म्हणजे १०० किलो हातातून सटकलं तरी अर्ध्या मीटरवरूनच पडणार. तेच कागदावर चालणारं ६० किलो कोणी ओव्हरहेड प्रेस करताना डोक्यावरून सोडलं तर ते पावणेदोन मीटरवरून येतं, आणि त्याचा दणका दुपटीहून जास्त. आणि पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत तर डेडलिफ्ट वर नेऊन बार सोडून दिला तर ती लिफ्टच बाद, दोन्ही हातांत धरून खाली आणावा लागतो. म्हणजे शिकलेला माणूस आपटतच नाही.

आपटतात कोण, तर डंबेलवाले. माझ्या शेजारच्या बेंचवरचा एक दादा प्रत्येक सेटनंतर दोन्ही डंबेल बाजूला असे टाकतो की माझ्या बाटलीतलं पाणी हलतं. त्याला कोणी काही बोलत नाही, कारण कागदावर डंबेल नाहीत.

दुसरं म्हणजे खरा धोका कुठेय ते बघतच नाहीत. बेंच प्रेसला, म्हणजे आडवं पडून छातीवरून बार ढकलतात तिथे, सेफ्टी पिन (हातातून सुटलेला बार अडवणारे आडवे दांडे) नाहीत. एकट्याने मारताना बार छातीवर अडकला तर ६० किलोही पुरेसं आहे, म्हणून मी तिथे कॉलर, म्हणजे प्लेट्स घसरू नयेत म्हणून लावायच्या क्लिपा, लावतच नाही, निदान वाकडं करून प्लेट्स सांडता येतील. स्क्वॉटलाही तेच ६०, वर जायचं असेल तर म्हणे स्मिथ मशीनवर करा. तिथे बार रुळावरून सरळ वरखाली जातो, तोल मशीनच सांभाळतं, मग मी काय सांभाळू?

उपाय फार मोठा नाही. कोपऱ्यात प्लायवूडचे दोन-तीन थर आणि दोन्ही बाजूंना जाड रबर असा आठ बाय आठ फुटांचा प्लॅटफॉर्म, आणि रबरच्या बंपर प्लेट्स. त्या १० च्या असोत की २० च्या, सगळ्यांचा व्यास ४५ सेंमी, म्हणजे बार कायम साडेबावीस सेंमीवर. आत्ताच्या लोखंडी १० च्या प्लेट्स लहान आहेत, त्या लावल्या की बार पार घोट्याजवळ येतो, आणि वाकून उचलताना कंबर गोल होते. म्हणजे आवाज होतो म्हणून बंदी, आणि वर कंबर दुखावी अशीच सोय. मॅनेजरना सांगितलं, म्हणाले बघतो.

मशिन्सवर व्यायाम करणाऱ्यांनी बिनधास्त लावा, ५ पैकी ४. बारबेलवाल्यांना माझ्याकडून २, आणि पैसे भरायच्या आधी तो कागद रॅकमागून शोधून वाचा.

मी सध्या रोमानियन डेडलिफ्ट मारते. बार रॅकवरून घ्यायचा, मोजून चार सेकंद खाली न्यायचा, जमिनीला टेकवायचाच नाही. तोच ट्रेनर परवा शेजारी उभा राहून माझे रेप मोजत होता. म्हणाला, "हे चांगलंय मॅडम, हे चालतं. फक्त ते डेडलिफ्ट नका करू."