चिऱ्याच्या खांबांवर मोटर: जुन्या गेटच्या स्वयंचलनाचा दोन पावसाळ्यांचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या घराच्या गेटला मोटर बसवून आता १७ महिने झाले. गेट जुनेच आहे, २००९ साली घरासोबत करून घेतलेले. रुंदी १२ फूट, सहा-सहा फुटांच्या दोन लोखंडी झडपा, खालच्या अर्ध्या भागात पत्रा आणि वर उभे गज. समोरचा रस्ता वळणाचा आहे. गाडी रस्त्यातच थांबवून, छत्री उघडून, दोन्ही झडपा ढकलून पुन्हा गाडीत बसेपर्यंत मागे एसटी हॉर्न वाजवत उभी असे. साठी ओलांडल्यावर आणि गुडघे बोलू लागल्यावर दिवसातून चार वेळा हे करणे मला नकोसे झाले. या खर्चामागे दुसरे काही कारण नाही.

मोटर घेण्याआधी दोन विक्रेत्यांना घरी बोलावले. पहिल्याने टेप न लावताच पिस्टनसारख्या सरळ आर्मची मोटर सुचवली. आमचे खांब चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडाचे, दीड फूट जाडीचे आहेत आणि बिजागऱ्या खांबाच्या आतल्या कडेला नसून जाडीच्या मध्यावर आहेत. सरळ आर्मला त्याचा खांबावरचा ब्रॅकेट बिजागरीच्या आसाजवळ लागतो. बिजागरी खांबाच्या आतल्या पृष्ठभागापासून नऊ इंच दूर असेल, तर आर्मच्या तेवढ्या हालचालीत झडप पूर्ण ९० अंशांत उघडतच नाही. हे मी विचारले तेव्हा त्याने खांबाला खाच मारण्याचा उपाय अगदी सहज सांगितला. दुसऱ्याने आधी मापे घेतली आणि कोपरासारखा दुमडणारा आर्म असलेली, २४ व्होल्टवर चालणारी मोटर सुचवली. तीच घेतली. ती दिसायला बोजड आहे, पण जाड खांबांच्या जुन्या घरांना तीच जुळते, असे माझे आता ठाम मत आहे.

खरे काम मात्र मोटर येण्याआधीच होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने उजवी झडप जी कलली होती, ती तेव्हापासून शेवटच्या फूटभर अंतरात फरशीवर घासत असे आणि आम्ही ती उचलून लावत असू. माणसाचा हात झडप उचलून घेतो, मोटर घेत नाही. तिच्या दृष्टीने घासणारी झडप हा अडथळाच असतो आणि ती थांबून उलटी फिरते. आमच्या नेहमीच्या वेल्डरने झिजलेल्या बिजागऱ्या कापून बेअरिंगच्या बसवल्या. मग झडप अर्धी उघडून सोडून दिली आणि म्हणाला, “काकू, हात लावू नका, नुसती बघा.” झडप हळूहळू आपोआप मिटू लागली, म्हणजे बिजागऱ्यांची रेषा ओळंब्यात नव्हती. खालची बिजागरी पातळ पट्टी घालून पुन्हा वेल्ड केल्यावर झडप सोडू तिथे थांबू लागली आणि एका बोटाने फिरू लागली. उघडण्याच्या आणि मिटण्याच्या दोन्ही टोकांना जमिनीत स्टॉपरही बसवले. या सगळ्याला १४ हजार रुपये लागले. याआधी मोटर बसवली असती, तर सगळा दोष मोटरच्या माथी मारला असता.

बसवणूक एका दिवसात झाली आणि पाच आठवड्यांनी डावी मोटर डुगडुगू लागली. जवळ जाऊन पाहिले तर तिच्या पट्टीखाली, पायरीवर, तांबड्या भुग्याची लहानशी रास जमलेली होती. काँक्रीटसाठीचे फुगणारे अँकर फास्टनर त्यांनी थेट चिऱ्यात ठोकले होते. जांभा दगड सच्छिद्र आणि ठिसूळ. प्रत्येक वेळी मोटर झडपेला रेटते तेव्हा तितकाच रेटा उलट बाजूने त्या चार बोल्टांवर येतो, आणि भोकाच्या भिंती चुरा होत जातात. शेवटी खांबाला आरपार भोके पाडून १२ मिलिमीटरचे आटे असलेले रॉड घातले आणि रस्त्याच्या बाजूने लोखंडी पट्टी देऊन नट आवळले. त्यानंतर आजपर्यंत काहीही हललेले नाही. बसवणाऱ्याने या दुरुस्तीचे पैसे माझ्याकडूनच घेतले, याचा राग मात्र अजून गेलेला नाही. कोकणात चिऱ्याचे खांब असलेल्या प्रत्येकाने आरपार बोल्ट आधीच लेखी मागून घ्यावेत.

दुसरा प्रसंग घरचाच. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि रात्री जमिनीतल्या भोकात गेटची कडी टाकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. एका सकाळी मी घाईत रिमोट दाबला. मोटर कण्हली, झडप थरथरली आणि झडपेवरचा ब्रॅकेट वाकला. त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता, कारण पन्नास वर्षांची सवय एका रिमोटने जात नाही. वेल्डरकडून ती कडीच कापून घेतली. मिटलेली झडप आता मोटरच्या गिअरनेच अडून राहते, बाहेरून ढकलून उघडत नाही. सासूबाई तरीही रोज रात्री एकदा झडप ओढून बघतात.

येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे पहिल्या पावसाळ्याची धास्ती होती. पाणी कंट्रोल बॉक्समध्ये गेले नाही, मुंग्या गेल्या. केबल आत येते तिथली फट सिलिकॉनने नीट बुजवलेली नव्हती. ऑगस्टमध्ये झाकण उघडले तेव्हा सर्किट बोर्डाच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या अंड्यांचा थर होता आणि रिले, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, अधूनमधून चिकटत होता. ब्रशने साफ करून फट बुजवली, तेव्हापासून त्रास नाही. वाऱ्याचा त्रास अधिक झाला. जुलैच्या रात्री झोत आला की खालच्या पत्र्यावर तो शिडासारखा भरे, मोटरला तो अडथळा वाटे आणि गेट मिटता मिटता पुन्हा सताड उघडून राही. मोटरची ताकद वाढवण्याचा सोपा उपाय मी नाकारला आणि पत्रा काढून तिथे जाळी बसवली. ताकद वाढवली की तीच ताकद मध्ये सापडलेल्या मुलावरही लागते. स्वयंचलित गेटांसाठीच्या ईएन १२४५३ या युरोपीय मानकात चेपण्याच्या जागी क्षणिक बळाची मर्यादा ४०० न्यूटन आहे आणि पाऊण सेकंदात ते १५० न्यूटनच्या, म्हणजे साधारण १५ किलो वजनाच्या दाबाच्या आत यावे लागते. माझ्याकडे मोजण्याचे यंत्र नाही. मी महिन्यातून एकदा मिटणारी झडप स्वतःच्या तळहाताने अडवून ती लगेच मागे फिरते का, एवढे पाहते.

वाटेत काही आले की गेटला मिटू न देणारे फोटोसेल सेन्सर जमिनीपासून दीड फुटावर आहेत. त्यांच्यासमोर कोळ्याने जाळे विणले किंवा माडाची झावळी पडली की गेट मिटत नाही. हा बिघाड नाही, पण कपडा घेऊन काच पुसायला जावे लागते. आपोआप मिटण्याची सोय मात्र मी बंद केली आहे. गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस एकदा अंगणात अडकला आणि आम्ही मागच्या परड्यात असल्यामुळे त्याच्या हाका ऐकूच आल्या नाहीत. आता आतल्या बाजूला एक साधे बटण आहे. मोबाइलवरून गेट उघडण्याची सोय घेतली नाही. मी घरी नसताना गेट उघडावे असे मला कधी वाटलेले नाही.

वीज जाण्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या आहेत. गेट बंद असतानाही बोर्ड आणि सेन्सर मिळून सुमारे ८ वॅट खातात, म्हणजे महिन्याला सहा युनिटच्या आसपास. त्याच हिशेबाने भरलेल्या बॅटऱ्या कागदावर २१ तास पुरतात. प्रत्यक्षात या जूनमध्ये सकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशीही आली नाही, तेव्हा रात्री दहापर्यंत गेट चालले आणि पहाटे रिमोटला प्रतिसाद आला नाही. अशा वेळी मोटरखालच्या कुलपात किल्ली फिरवली की आर्म मोकळा होतो आणि झडप पूर्वीसारखी हाताने ढकलता येते. तेव्हा ती किल्ली घरात देवघराच्या फळीवर होती आणि मी बाहेर रस्त्यावर. आता एक किल्ली गाडीत असते, आणि गजांतून हात घालून कुलपापर्यंत पोहोचता येते हे मी कोरड्या दिवशी करून पाहिले आहे.

बॅटऱ्या धरून मोटरीला आणि बसवणुकीला ६८ हजार, वेल्डरचे १४ हजार, आरपार बोल्ट, जाळी आणि बटणाचे मिळून ९ हजार, असा एकूण ९१ हजार रुपये खर्च झाला. खाऱ्या हवेमुळे ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर तांबेरा दिसू लागला आहे. पाऊस उघडला की घासून, रेड ऑक्साइड मारून तो रंगवायचा आहे.