लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) आठ महिने वापरलं, सांवेर रोडच्या नमकीन कारखान्यात

आधीच सांगून टाकतो, मी काही डिग्रीवाला नेटवर्क इंजिनियर नाही. इंदुरात रामबागेत राहतो, कंप्युटर रिपेअरिंगपासून सुरुवात केली आणि आता चार-पाच पार्ट्यांचं नेटवर्क सांभाळतो. त्यातली सगळ्यात मोठी म्हणजे आपल्याच मराठी घरातला सांवेर रोडवरचा सेव-नमकीनचा कारखाना. ऑफिस, पॅकिंग हॉल, गोडाऊन मिळून 38 डिव्हाइस आहेत, स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायचे डबे), वायफायचे ॲक्सेस पॉइंट, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एनव्हीआर, हजेरीचं मशीन, 3 प्रिंटर, टॅलीचा सर्व्हर असा सगळा पसारा. आधी मॉनिटरिंग म्हणजे काय होतं तर अकाउंटवाल्या वहिनींचा फोन. "अरे टॅली अडकलंय, येतोस का?" की मी निघालो मरीमाता चौराह्याचा जाम काढत, आणि पोचेपर्यंत बहुतेक वेळा सगळं आपोआप चालू झालेलं असायचं.

तर लिब्रेएनएमएस. फुकट आहे, जीपीएल लायसन्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला), 2013 मध्ये ऑब्झर्व्हियम नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला प्रोजेक्ट. एक जुना आय-थ्रीचा डबा होता 8 जीबी रॅमवाला, त्यात जेल रोडवरून आणलेली नवी एसएसडी टाकली आणि उबंटू चढवलं. एसएसडीची कंजूषी करू नका, लिब्रेएनएमएस प्रत्येक पोर्टच्या (स्विचवर केबल लावायची जागा) ग्राफच्या छोट्या छोट्या फाइली सारखं लिहीत बसतं, जुनी हार्ड डिस्क दमते. इन्स्टॉल करायला मला एक अख्खी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची पोह्यांपर्यंतची सकाळ लागली. कमांडा डॉक्युमेंटेशनमधून उचलायच्या आणि शेवटी validate.php चालवायचं, ते मास्तरासारखं लाल पेनने चुका काढतं, माझ्याकडे टाइमझोनवरून अडून बसलं होतं.

आता मुद्द्याचं. नुसतं वर-खाली बघायचं असेल तर याच्या नादी लागू नका, अपटाइम कुमा नावाचं साधं सॉफ्टवेअर टाका, 10 मिनिटांत होतं, दर 60 सेकंदाला पिंग मारतं, म्हणजे "आहेस का?" अशी हाक, दिसायलाही छान. पण पिंग एवढंच सांगतो की त्या पत्त्यावरून कोणीतरी "हो" म्हणालं. कोण म्हणालं, त्याची तब्येत कशी आहे, मगाशी पडून उठलाय का, हे पिंगला माहीत नसतं. लिब्रेएनएमएस पिंग तर मारतंच, वर एसएनएमपीने (डिव्हाइसची हालहवाल विचारायची ठरलेली भाषा) डिव्हाइसला विचारतं की बाबा तू कोण, कुठलं मॉडेल, कुठलं फर्मवेअर, चालू होऊन किती वेळ झाला, कुठल्या पोर्टवर किती डेटा गेला, किती एरर आल्या. एलएलडीपी (डिव्हाइसने शेजाऱ्याला आपली ओळख सांगायची सोय) चालू असेल तर शेजारी कोण जोडलाय तेही काढतं.

याचा फायदा कसा झाला ते सांगतो. पॅकिंग हॉलमध्ये रोज रात्री साडेआठच्या आसपास लेबल प्रिंटर अडकायचा. ऑपरेटर म्हणायचा प्रिंटर खराब, प्रिंटरवाला म्हणायचा नेटवर्क खराब, आणि मी पिंग मारून म्हणायचो नेटवर्क तर टकाटक आहे. महिनाभर असंच चाललं. लिब्रेएनएमएस टाकलं तेव्हाही पॅकिंग हॉलचा स्विच दिवसभर हिरवाच दिसत होता, पण त्याच्या इव्हेंट लॉगमध्ये रोज रात्री एक ओळ, डिव्हाइस रीबूट झालं. झालं असं की लिब्रेएनएमएस डीफॉल्टमध्ये दर 5 मिनिटांनी बघायला जातं आणि आमचा स्विच दीड-दोन मिनिटांत बंद होऊन परत उभा राहायचा, म्हणजे दोन फेऱ्यांच्या मध्ये पडून उठायचा आणि पिंगला पत्ताच लागायचा नाही. पण एसएनएमपीतला अपटाइमचा आकडा खोटं बोलत नाही ना, मगाशी 23 तास होता तो आता 3 मिनिटं कसा झाला?

मग एका रात्री जाऊन हॉलमध्येच उभा राहिलो. साडेआठला शिफ्ट सुटली, चौकीदार आला आणि पिशव्या सील करायच्या मशीनचा बोर्ड खटकन बंद केला, मग काहीतरी आठवल्यासारखं परत चालू केला आणि बाजूचा दिव्यांचा बटन दाबला. स्विचचा प्लग त्याच बोर्डात! मी विचारलं तर म्हणे, "भिया, मैंने तो बत्ती बंद करी थी, रोज गलत बटन दब जाता है." प्लग काढून यूपीएसच्या लाइनीत लावला, वर चिकटपट्टीवर लिहून ठेवलं, हात लावू नका. एवढ्यासाठी महिनाभर प्रिंटरला शिव्या खाव्या लागल्या बिचाऱ्याला.

आता डोकेदुखी. पहिली म्हणजे अलर्ट. सुरुवातीला तयार नियम सगळे चालू करून टेलिग्रामला जोडले आणि पावसात एका रात्री गोडाऊनची लाइट गेली तेव्हा 17 मेसेज आले, कॅमेरा गेला, ॲक्सेस पॉइंट गेला, हे गेलं ते गेलं. प्रत्यक्षात गेला होता एकच स्विच, बाकी सगळे त्याच्या मागे. यावर उपाय आहे, डिव्हाइस डिपेंडन्सीमध्ये जाऊन कोण कोणाच्या मागे बसलाय ते भरायचं, म्हणजे बाप पडला की पोरांची बोंब येत नाही. पण ते भरायला केबल कुठून कुठे गेलीय ते माहीत पाहिजे, मी दोन रविवार शिडी घेऊन फिरलो तेव्हा कळलं. लोकेशनचं पण तसंच, प्रत्येक डिव्हाइसमध्ये "पॅकिंग हॉल, सीलिंग मशीनच्या वर" असं लिहिलं तरच रात्री 2 वाजता त्या मेसेजला काही अर्थ आहे.

दुसरी, साधे स्वस्तातले अनमॅनेज्ड स्विच (ज्यांच्यात सेटिंगच नसतं) याला दिसतच नाहीत, त्यांना आयपी पत्ताच नसतो तर विचारणार कोणाला. हजेरीचं मशीन एसएनएमपी बोलत नाही, ते फक्त पिंगवर घातलंय. विंडोजचे पीसी तर चालू असून लाल दिसायचे कारण त्यांची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही, तो नियम प्रत्येक ठिकाणी जाऊन उघडला. आणि हो, एसएनएमपीचा कम्युनिटी पासवर्ड "पब्लिक" असेल तर आधी बदला, एसएनएमपीच्या व्ही-टू-सी आवृत्तीत तो तारेवरून उघडाच जातो. ज्या डिव्हाइसला जमतं तिथे पुढची आवृत्ती, व्ही-थ्री, लावा.

तिसरी गोष्ट मला लाज आणणारी आहे. कारखान्याचं इंटरनेट दुपारी 2 तास बंद होतं आणि माझा फोन शांत. अहो, इंटरनेट गेल्याचा मेसेज जाणार कुठून, इंटरनेटवरूनच ना! आता बाहेर भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर कुमा ठेवलंय, कारखान्यातला डबा दर मिनिटाला त्याला हाक मारतो आणि हाक थांबली की कुमा मला उठवतं. त्यामुळे दोन्ही लागतात असं माझं मत झालंय.

वहिनींना मात्र यातलं एकच आवडलं, प्रिंटरच्या टोनरचे टक्के. ऑफिसच्या प्रिंटरचा 8 टक्क्यांवर आला की मी स्वतःच फोन करतो. पहिल्यांदा केला तेव्हा म्हणाल्या, "तू घरी बसून आमच्या प्रिंटरमध्ये बघतोस?"

स्क्रीन जुन्या धाटणीची आहे, मेन्यूत मेन्यू, मोबाइलवर तर बघवत नाही. ग्राफ 5 मिनिटांच्या सरासरीचे, त्यामुळे 10 सेकंदांचा झटका त्यात विरघळून जातो, तसलं काही शोधायचं असेल तर दुसरं हत्यार घ्या. 5 पैकी 4. घरात एक राउटर, दोन कॅमेरे एवढंच असेल तर घेऊ नका. मॅनेज्ड स्विच 4-5 असतील आणि तुमच्याकडे शिडी असेल तर जरूर टाका.