उपटलेलं पीस पंधरा दिवसांत उगवत नाही

सेब्राइट बँटम ही छोट्या चणीची शोभेची कोंबडी घेण्याच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. 'शो क्वालिटी', म्हणजे प्रदर्शनात ठेवण्याजोगे, म्हणून मला एक नर आणि दोन माद्या विकल्या गेल्या. ते पक्षी तसे नव्हते. ते कळायला दोन महिने लागले, आणि तोवर माझ्या जुन्या माद्यांचा अख्खा हंगाम वाया गेला होता.

सेब्राइटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फसवणूक नेमकी तिथेच झाली. सर जॉन सेब्राइट यांनी 19व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ही जात घडवली. पक्षी जेमतेम 600 ग्रॅमचा. प्रत्येक पिसाला काळी किनार, आणि ती सगळीकडे सारख्या जाडीची हवी. पण खरी खूण नरात असते. इतर कोंबड्याला मानेवर आणि कमरेवर टोकदार पिसं येतात, शेपटीत विळ्यासारखी वळलेली लांब पिसं येतात. सेब्राइटच्या नराला यातलं काहीच येत नाही, त्याची पिसं मादीसारखी गोल टोकाची असतात. त्याच्या कातडीतच नर-संप्रेरकाचं मादी-संप्रेरकात रूपांतर होतं, म्हणून पीसही मादीचं उगवतं. संकरातून आलेल्या नरात हा गुण अर्धामुर्धा उतरतो आणि शेपटीत विळे डोकावतात. असा नर प्रदर्शनात चालत नाही, आणि पैदाशीला तर त्याहून नाही.

विक्रेत्याने पाच-सहा व्हिडिओ पाठवले होते. नर हातात धरलेला, तोंड कॅमेऱ्याकडे, तुरा झकास, छातीवरची किनार सुरेख. आज तेच व्हिडिओ पाहताना लक्षात येतं की प्रत्येक वेळी पक्ष्याची शेपटी त्याच्या कोपराखाली दाबलेली आहे. एकाही व्हिडिओत नर जमिनीवर चालत नाही. मानेची पिसं मला किंचित टोकदार वाटली होती, मी तसं विचारलंही. "वय वाढलं की गोल होतात ताई," असं उत्तर आलं. उगवलेलं पीस आकार बदलत नाही. ते झडतं आणि त्या जागी दुसरं येतं, एवढंच होतं. हे मला ठाऊक होतं, तरी पक्षी इतका आवडला होता की मी ते उत्तर मान्य केलं.

पक्षी आले तेव्हा नराची शेपटी विरळ होती. "प्रवासात खोक्याला घासून पिसं तुटतात," असं सांगितलं गेलं. पंधरा दिवसांत काही तक्रार असेल तर पक्षी परत घेण्याची हमीही होती, त्यामुळे मी निश्चिंत झाले. त्या हमीचा अर्थ आता कळतो. उपटलेलं पीस पूर्ण यायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही दिसणारच नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यात शेपटीच्या मुळाशी निळसर, रक्ताने भरलेल्या नळ्या दिसायला लागल्या. मी समजले, तुटलेली शेपटी भरून येतेय. सातव्या आठवड्यात एका सकाळी खुराड्याचं दार उघडलं, तर नर आडव्या दांडीवर पाठमोरा बसलेला होता आणि शेपटीतून दोन लांब, हिरवट-काळी पिसं विळ्यासारखी खाली वळलेली होती. मी कितीतरी वेळ तशीच उभी होते.

आता हे नीट लक्षात घ्या. प्रवासात तुटलेल्या पिसाचा बुडखा कातडीत राहतो, बोटाला लागतो. आपणहून झडलेल्या पिसाच्या जागी नव्या पिसाचं टोक लगेच वर येतं, कारण त्यानेच जुन्याला बाहेर ढकललेलं असतं. उपटलेल्या जागी मात्र रिकामं, गोल भोक दिसतं. पक्षी हातात आला त्याच दिवशी शेपटीची पिसं फुंकर मारून बाजूला केली असती आणि टॉर्च धरला असता, तर मला ती भोकं दिसली असती.

माद्यांचंही तसंच निघालं. त्यांची अंडी एका खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. नऊ पिल्लं निघाली, त्यातल्या तिघांच्या पायाच्या नळीवर बारीक लव होती. सेब्राइटचे पाय स्वच्छ, पाटीच्या दगडाच्या रंगाचे असतात, त्यावर पीस चालत नाही. पायावर पीस असलेल्या जातीचं रक्त आई-बापांत कुठेतरी होतं. एका मादीचे पाय भिंगाखाली पाहिले, तर बाहेरच्या खवल्यांच्या फटीत ओळीने ठिपके होते. तिथली पिसंही चिमट्याने काढलेली होती.

पायातल्या रिंगवरही मी भरवसा ठेवला होता. रिंगवरचा नंबर वंशावळीच्या कागदावरच्या नंबराशी जुळत होता. पण ती गुंडाळी प्लास्टिकची रिंग होती, कुणीही केव्हाही घालू शकेल अशी. अखंड बंद रिंग पिल्लू लहान असतानाच पंजावरून सरकवावी लागते, मोठ्या पक्ष्याला ती चढतच नाही. बंद रिंग नसेल, तर त्या कागदाला काही अर्थ नाही.

सगळ्यात जास्त नुकसान माझ्या स्वतःच्या चुकीने झालं. आलेले पक्षी महिनाभर वेगळे ठेवले, आजार तपासले, ते बरोबर केलं. पण मग लगेच माझ्या जुन्या, शुद्ध माद्या त्या नराकडे सोडल्या. नर काढून घेतल्यावरही मादीच्या शरीरात त्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. म्हणून पुढचे चार आठवडे मी त्यांचं एकही अंडं उबवायला ठेवलं नाही. नवा नर आणाल तर आधी त्याची शेपटी पूर्ण भरू द्या, मगच माद्यांत सोडा.

विक्रेत्याला फोटो पाठवले. मुदत संपली, असं उत्तर आलं, आणि त्यानंतर फोन उचलला गेला नाही. व्हिडिओ, पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि आठवड्या-आठवड्याला काढलेले शेपटीचे फोटो एकत्र करून मी तक्रार दिली आहे.

नर अजून माझ्याकडे आहे. वेगळ्या जाळीत राहतो, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष. मागच्या आठवड्यात एक ओळखीचे गृहस्थ त्याला जोडीसाठी मागायला आले. शेपटीकडे बघून म्हणाले, "ही दोन पिसं काय, काढता येतात." मी दिला नाही.