वनराई बंधाऱ्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या : स्वस्त, पण उन्हाला कच्च्या

पावसाळा सरून ओढ्याची धार बारीक झाली की वनराई बंधाऱ्याला, म्हणजे माती-वाळूच्या गोण्या रचून ओढ्यात घातलेल्या तात्पुरत्या बांधाला, या प्लास्टिक विणीच्या गोण्या चांगल्या. दोन तृतीयांशच भरा. ठासून भरलेली गोणी गोल फुगते, शेजारचीला चिकटत नाही आणि फटीतून पाणी सुटतं. तोंड सुतळीने शिवा, विटांसारखे सांधे मोडत रचा, तळ रुंद ठेवा. दोन रांगांमधल्या पोकळीत चिकणमाती तुडवा. नुसत्या वाळूतून पाणी झिरपतं. माती काठ कोरून मात्र मुळीच घेऊ नका, काठच ढासळतो.

खरी खोट उन्हात. पाण्याबाहेरच्या गोण्या उन्हाळ्यात विरतात, बोट लावलं की धागे सुटतात. पहिल्या पुराआधी काढल्या नाहीत तर चिंध्या खालच्या शेतात. खताच्या गोण्या फुकट मिळाल्या तरी आधी धुवाच, आणि तेही ओढ्यात नव्हे. विकत घेताना गठ्ठा सोडून बघा. फाटक्या हमखास मध्ये दडवलेल्या असतात.