वेंबानयामाची जर्सी: कापड झकास, प्रिंट बोगस
धाकट्याच्या हट्टापायी बास्केटबॉलवाल्या वेंबानयामाची जर्सी ऑनलाइन मागवली, स्पर्सची (अमेरिकेतल्या एनबीए लीगमधली त्याची टीम) काळी, १ नंबरची. कापड जाळीचं, हलकं, घामाने अंगाला चिकटत नाही. पण साइझ एल मागवला तर पार गुडघ्यापर्यंत, अरे तो ७ फूट ४ इंच आहे म्हणून सगळ्यांनाच त्याच्या मापाचं द्यायचं का राव! दोन धुण्यांत नावातला शेवटचा ए गळाला, आता पाठीवर नुसतं वेंबानयाम. दुकानवाला रिप्लायच देत नाही.

बाकी वेंबानयामा पोरगा भारीच, नांतेर या फ्रेंच क्लबकडून १५व्या वर्षी प्रो मॅच, मग आस्वेल क्लब, मग २०२२-२३ला मेट्रोपोलिटन्स ९२कडून मॅचला २१.६ पॉइंट काढून १९व्या वर्षी फ्रेंच लीगचा एमव्हीपी (सगळ्यात भारी खेळाडू) आणि लगेच एनबीएच्या ड्राफ्टला, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, पहिला नंबर. मला खरं तर ती मेट्रोपोलिटन्सचीच जर्सी हवी होती, कुठेच मिळेना. ३ स्टार, तेही कापडाला.