हिंदी महासागराचा नकाशा, ४५० रुपये: घडीत सापडलेलं जिबुती

मी भोसरीत पंपांचे सुटे भाग निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात कागदपत्रं बघते. शिपिंग बिल, बीएल (जहाज कंपनीची मालपावती), एलसी (बँकेचं पतपत्र) यांत बावीस वर्षं गेली. दिवाळीनंतर ऑफिसला रंग दिला, साहेबांच्या खुर्चीमागची भिंत मोकळी झाली आणि तिथे नकाशा लावू या, असं मीच बोलून बसले. आमच्याकडे जो सुचवतो त्यालाच आणावं लागतं. शनिवारी नाशिक फाट्यावरून मेट्रोने कसब्याला उतरले आणि चालत आप्पा बळवंत चौक गाठला.

जगाचा, भारताचा, महाराष्ट्राचा नकाशा हवा तेवढा मिळत होता. हिंदी महासागराचा तिसऱ्या दुकानात सापडला. ४० बाय २८ इंच, लॅमिनेशन केलेला, वर लाल ठसठशीत अक्षरांत ‘हिंदी महासागर व महासत्तांची स्पर्धा’. काका म्हणाले, “घ्या ताई, स्पर्धा परीक्षेची पोरं हाच नेतात.” किंमत ४५०. घासाघीस करून पाहिली, पण एक रुपया सुटला नाही.

छपाई छान आहे, ते मान्य. समुद्राची खोली निळ्याच्या चार छटांत दाखवलीय, जहाजांचे मार्ग तुटक रेषांनी आणि अंतरं सागरी मैलांत. होर्मुझ, बाब-अल-मंदेब, मलाक्का या तिन्ही चिंचोळ्या वाटा वेगळ्या चौकटीत मोठ्या करून दिल्यात. न्हावा शेव्यापासून मोंबासापर्यंत बोट फिरवताना मला माझे कंटेनर दिसायला लागले.

घोटाळा झाला घरी आल्यावर. दुकानात गुंडाळायला नळकांडं नव्हतं, म्हणून त्यांनी नकाशाची घडी घातली होती. उलगडला तर आडवी आणि उभी घडी जिथे एकमेकींना छेदतात तिथे लॅमिनेशन पांढरं पडलेलं, आणि खाली नेमकं जिबुती, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेला आफ्रिकेतला चिमुकला देश! अक्षरं आधीच मुंगीएवढी, त्यात ‘जि’ गायब. भिंग लावलं तेव्हा कुठे ‘बुती’ एवढं वाचता आलं.

एरवी कोणाला फरक पडला नसता, मला पडतो. आमचे पंप इथिओपियाला जातात. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रकिनाराच गेला. १९९८ मध्ये दोघांत युद्ध पेटलं, तेव्हापासून त्यांचा बहुतेक सगळा परदेशी माल जिबुतीच्या बंदरातून येतो-जातो. तिथून अदिस अबाबापर्यंतची साडेसातशे किलोमीटरची विजेवरची रेल्वे चीनच्या कर्जातून आणि चिनी कंपन्यांनी बांधली, २०१८ पासून ती नियमित धावते. बीएलवर जिबुती हे नाव मी इतक्या वेळा टाईप केलंय की बोटांना ते डोळे मिटून येतं.

नकाशावर जिबुतीपाशी पाच झेंडे दाटीवाटीने छापलेत: अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली, चीन. खाली सूचीत लिहिलंय ‘परकीय लष्करी तळ’. बरोबर आहे. चीनने परदेशातला आपला पहिला तळ २०१७ मध्ये इथेच उघडला, जपाननेही दुसऱ्या महायुद्धानंतरचा आपला पहिला तळ २०११ मध्ये इथेच थाटला. अमेरिकेची छावणी तर मुळात फ्रेंचांची जागा. पण मला त्यात आमच्या आजोळचा शनिवार पेठेतला वाडा दिसला. पाच भाडेकरू, एकमेकांशी न बोलणारे, नळावर भांडणारे. आणि ओट्यावर पाय सोडून बसलेली मालकीणबाई पाचही जणांकडून वेळच्या वेळी भाडं वसूल करणारी. एकटी अमेरिकाच वर्षाला सहा कोटी डॉलरहून जास्त भाडं मोजते. भाडेकरूंचे झेंडे अंगठ्याएवढे छापलेत, आणि मालकीणबाई घडीत गेली.

पूर्ण नकाशाभर हेच आहे. पाकिस्तानातलं ग्वादर, श्रीलंकेतलं हंबनटोटा, बांगलादेशातलं चितगाव ही बंदरं जोडणारी एक लाल रेघ आहे, शेजारी ‘मोत्यांची माळ’, म्हणजे चीनने भारताभोवती गुंफलेली बंदरांची साखळी. हा शब्दप्रयोग २००५ च्या एका अमेरिकी सल्लागार कंपनीच्या अहवालातला, चिनी नव्हे. माळेत प्रत्येक मणी सारखाच लाल. चितगावात नुसता माल उतरवणं आणि हंबनटोट्याचं अख्खं बंदर भाडेपट्ट्याने घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण रेघेला तो कसा कळणार?

हंबनटोट्याच्या चौकटीत छापलंय, ‘कर्ज न फेडल्याने चीनने बंदर ताब्यात घेतले’. इथे मी पेन्सिल घेतली. २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, ११२ कोटी डॉलर आले, हे खरं. पण त्या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं नाही. तो पैसा श्रीलंकेच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत गेला, बंदराच्या कर्जाचे हप्ते तसेच चालू राहिले. आणि श्रीलंकेला खरा फास बसला तो खुल्या बाजारात विकलेल्या रोख्यांचा. याचा अर्थ चीन साधाभोळा आहे असं मी म्हणत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं युआन वांग ५ हे टेहळणीचं जहाज त्याच बंदरात येऊन उभं राहिलं, दिल्लीने आधी नको म्हणूनसुद्धा. तरी ९९ वर्षं ऐकून मी दचकत नाही. आमचा भोसरीचा प्लॉटही एमआयडीसीकडून ९५ वर्षांच्या करारानेच आहे.

इराणच्या चाबहार बंदरावर मात्र भला मोठा तिरंगा. बघून बरं वाटतं, कोणाला नाही वाटणार? पण २०२४ च्या मे महिन्यात आपण केलेला करार एक टर्मिनल दहा वर्षं चालवण्याचा आहे. सातबारा आपल्या नावावर झालेला नाही.

सगळ्यात राग आला तो अगालेगा नसल्याचा. मॉरिशसची ही दोन चिमुकली बेटं. तिथे आपण धावपट्टी आणि धक्का बांधून दिला, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. हा लष्करी तळ नाही, असं मॉरिशस सांगतं. हाच मॉरिशस दुसरीकडे दिएगो गार्सिया आणि आजूबाजूच्या चागोस बेटांसाठी ब्रिटनशी वर्षानुवर्षं भांडला आणि २०२५ च्या मे महिन्यात करारावर सह्या झाल्या: बेटं मॉरिशसची, दिएगो गार्सियावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटन-अमेरिकेचा, भाडं वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. दिएगो गार्सिया नकाशात ठळक आहे, अमेरिकी झेंड्यासकट. मॉरिशस शोधायला परत भिंग.

मार्गांच्या तुटक रेषांबद्दलही एक तक्रार. २०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि आमचा हॅम्बुर्गचा माल आफ्रिकेला वळसा घालून दोन आठवडे उशिरा पोचला. जिबुतीला जायला तर बाब-अल-मंदेब ओलांडावीही लागत नाही, तरी फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवणाऱ्या एजंटने, वॉर रिस्क सरचार्ज (युद्धाच्या धोक्याचा जादा आकार) लावलाच. आवृत्तीवर ‘सुधारित’ छापलंय, मग केप ऑफ गुड होपचा वळसा एका रेषेने दाखवायला काय हरकत होती?

सोमवारी फोन केला तर दुकानदार म्हणाले, “लॅमिनेशन केलेला माल परत घेत नाही.” घडी तुम्ही घातलीत, हे सांगितल्यावर दोन सेकंद शांतता, मग “या, बघू.” अजून गेले नाही.

नकाशा भिंतीवर आहे. अगालेगाच्या जागी मी टिकली लावलीय, मरून. दुसरी जिबुतीवर, पांढरा पडलेला भाग झाकायला. साहेबांनी एकदा विचारलं की या कशाच्या खुणा, तर म्हटलं, घरमालक.

घेणार असाल तर नळकांडं घरून न्या.